वाटेतला प्रज्वल

“माझ्या लेकराचं काळीज आधी तुझ्या मशीनला कशाला दाखवायचं?”

वैजयंता ओरडली तेव्हा चार वाजले होते. कडेवर सात महिन्यांचं पोर, हातात मोबाइल. मोबाइलमध्ये पोराच्या हृदयाच्या सोनोग्राफीची फाइल. शहरातले डॉक्टर पाचला ऑपरेशनची यादी ठरवणार होते. खाली गावात रेंज नव्हती, म्हणून ती टेकडीवरच्या मठात आली होती.

गावकऱ्यांचे रिपोर्ट शहरातल्या डॉक्टरांना पाठवायचं मठाचं वेबपान प्रज्वलनं बनवलेलं. इंजिनिअर, मठ चालवणाऱ्या अक्कांचा लाडका शिष्य. कुणीही काही पाठवलं की ते आधी मठाच्या कॉम्प्युटरवर यायचं. तो बघायचा. मग तो ते क्लाउडवर चढवायचा, तेव्हा कुठे डॉक्टरांना दिसायचं.

आज तीनदा फाइल नव्वद टक्क्यांवर तुटली होती.

“ताई, मशीन भरलंय. थेटही पाठवता येतं, पण...”

आतून अक्का आल्या. “थेट येतं?”

“येतं. आपण फक्त परवानगीची चिठ्ठी द्यायची. एका फाइलची, पंधरा मिनिटांपुरती. मग तिच्या ब्राउझरमधून फाइल सरळ क्लाउडवर.”

“मग दिली का नाहीस, मेल्या?”

“कोण काय टाकेल, नेम नाही अक्का. आणि सगळं सरळच जायला लागलं, तर मी...”



पोर भुकेनं किंचाळायला लागलं. अक्कांनी ते वैजयंताच्या कडेवरून ओढलं आणि प्रज्वलच्या हातात कोंबलं.

“वैजयंता, दूध याला दे. हा तपासेल. मग पोराला पाजेल.”

वैजयंता एवढ्या संतापातही फिस्सकन हसली. लगेच तिचे डोळे भरले.

प्रज्वल कानापर्यंत लाल झाला. पोर आईकडे देऊन तो खाली मान घालून कीबोर्डवर बसला. अक्का त्याच्या मागे उभ्या राहिल्या.

साडेचारला चिठ्ठी तयार झाली. फाइल चार मिनिटांत गेली. डॉक्टरांचा मेसेज आला: मिळाली, यादीत घेतो.

वैजयंतानं तो दोनदा वाचला, पोराला पदरात घेतलं आणि तरातरा टेकडी उतरली.

प्रज्वल दारात उभा राहिला.

“अक्का... तिनं माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.”

अक्कांचा राग अजून उतरला नव्हता.

“बघायला तू आता वाटेत होतास कुठं?”