गोजराबाईचा निम्मा शिधा

"निम्मी बेकार? असा माणूस जगात नसतो!" कोठारावरचे नारोपंत गरजले आणि त्यांनी गोजराबाईची रिकामी पिशवी तिच्याच हातात कोंबली.

गोजराबाई दरबारातला पंखा ओढायची. महाराजांच्या डोक्यावर, छताला टांगलेला, झालरीचा. पूर्वी दरबार दिवसभर चाले. पुढे बागेत वारा फुकट मिळतो, हा शोध महाराजांना लागला आणि दरबार दुपारीच उठू लागला. गोजराबाईचा पगार निम्मा झाला. चार पोरांची भूक मात्र निम्मी व्हायला तयार नव्हती.

राज्यात बेकारांना कोठारातून शिधा मिळे. जन्मात कधी हात न हलवलेले लोकही पोती भरून नेत.

"पंत, दुपारनंतर मी बेकारच की! निम्मा तरी द्या."

"सकाळी काम करतेस ना? मग बेकार नाहीस."

"अन् काम सोडलं तर?"

"तर पूर्ण शिधा!"

"मग पंखा कोण ओढणार?"

"ते मला विचारू नकोस. माझ्याकडे कोठार आहे, पंखा नाही!"

गोजराबाई थेट महाराजांपुढे उभी राहिली. महाराज दुर्जयराव हट्टी. शिवाय पंतांनी त्यांचे कान आधीच भरले होते.

"बाई, माणूस एक तर काम करतो, नाही तर रिकामा बसतो. मधलं काही नसतं!"

"पगार कापताना होतं, सरकार."

दरबारात खसखस पिकली. महाराज लाल झाले.

"फार बोलतेस! निम्मं काम करणारा आणि निम्मा रिकामा माणूस आज, इथेच, आम्हाला दाखव! दाखवलास तर शिधा. नाही तर उद्यापासून ती दोरीही गेली!"

"जशी आज्ञा. पण तोवर पंखा कसा ओढू? तुमच्या मते मधलं काही नसतं."

"पूर्ण काम कर! हा काय प्रश्न झाला?"

गोजराबाईने भिंतीला पाय लावून दोरी खेचली आणि तशीच घट्ट धरून ठेवली. पंखा एका बाजूला गेला तो तिकडेच राहिला. महाराजांच्या कपाळावर घाम आला. पंतांच्या पगडीखालून धारा लागल्या.

"अगं, वारा कुठंय?"

"ओढतेय की, सरकार! क्षणभर रिकामी नाही!"

"सोड ती दोरी आधी!"

तिने सोडली आणि हाताची घडी घालून बसली. पंख्याने दोनचार झोके घेतले, मग तोही गप्प.

"आता काय झालं?"

"आता पूर्ण रिकामी, सरकार."

"अगं बाई, रोज ओढतेस तशी ओढ!" महाराज उपरण्याने वारा घेत ओरडले.

"रोज मी निम्मा वेळ ओढते अन् निम्मा वेळ सोडते. ओढताना कामावर, सोडताना रिकामी. सरकार, निम्म्या रिकाम्या बाईचा वारा तुम्ही रोज खाताय, अन् असा माणूस नसतो म्हणताय?"

महाराजांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग घामाने निथळणाऱ्या पंतांकडे पाहिलं आणि ते असे हसत सुटले की मुकुट हाताने धरावा लागला.

"पंत! आजपासून जेवढं काम गेलं तेवढा शिधा! सगळ्यांना! आणि गोजराबाईला वर एक दुभती म्हैस!"

पंतांनी कपाळ पुसत विचारलं, "महाराज, म्हैस निम्मी की..."

"पूर्ण, पंत! पूर्ण! आणि बाई, ओढा आता!"