तवनाप्पाने धरलेला अंतरपाट

एका गावात एक भोळा कासार राहायचा. तवनाप्पा त्याचं नाव. बांगड्या भरताना हात असा हलका, की लहान पोरगीसुद्धा रडायची नाही. फक्त सांगितलेलं तो जसंच्या तसं धरून बसायचा.

त्याची बायको पद्मा मोठी हसरी. पण धाकट्या लेकराच्या बाळंतपणानंतर तिला एक त्रास जडला. हसली, शिंकली, की थेंब थेंब लघवी होऊन लुगडं ओलं. लाजेपायी तिने हसणंच टाकलं, चारचौघांत जाणं टाकलं. बहिणीच्या मुलीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं तेव्हा मी काही येत नाही म्हणून रडत बसली. मग तवनाप्पा तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, हे पुष्कळ बायकांना होतं आणि व्यायामाने कमीही होतं. लघवी अडवायला जे स्नायू लागतात तेच आत आवळायचे, जरा धरायचे, मग सोडायचे. शिंक किंवा हसू येतंय असं वाटलं, की आधीच आवळून घ्यायचं.

"काकू विसरतील," त्या तवनाप्पाला म्हणाल्या. "तुम्ही मधूनमधून 'आवळा' म्हणून आठवण करा."

"बरं," तवनाप्पा म्हणाला. कुणाला, ते मात्र त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई बांगड्या भरायला बसल्या. तवनाप्पाने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आवळा." बाईंनी मूठ आवळली. हिरव्यागार बांगड्यांचा चुरा झाला. पद्मा आतून धावत आली. तिने समजावलं, आवळायचं ते मी, इथे सैल सोडायचं असतं.

"बरं," तवनाप्पा म्हणाला.

संध्याकाळी शेजारच्या अक्काताईने म्हशीचं दावं त्याच्या हाती दिलं, भांडं घेऊन येईपर्यंत धरायला. तवनाप्पाने आठवून आठवून ते सैल सोडलं. म्हैस थेट सरपंचांच्या अंगणात गेली आणि वाळत घातलेल्या शेवया खाऊन आली. पद्माने कपाळाला हात लावला. हातात दिलेली वस्तू कुणी कितीही ओढली तरी सोडायची नसते, ती म्हणाली.

"बरं," तवनाप्पा म्हणाला.

पद्माचा व्यायाम मात्र न चुकता चालू होता आणि फरकही पडत होता. पुढच्या खेपेला मॅडमनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली. एकदम घाई लागली तर पळत सुटायचं नाही. जागीच उभं राहायचं, आवळायचं, मन दुसरीकडे न्यायचं. जोर ओसरला की सावकाश जायचं.

"बरं," तवनाप्पाच म्हणाला.

शेवटी धीर करून पद्मा लग्नाला गेली. बायकांच्या मागे, दाराजवळ उभी राहिली. वधूवरांमध्ये अंतरपाट धरला होता. एक टोक मुलीच्या मामाकडे, दुसरं तवनाप्पाकडे. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजू लागली. मामांनी अंतरपाट ओढला. तवनाप्पा सोडेना. उपाध्ये म्हणाले, मुहूर्त टळतोय, घाई करा.

घाई म्हटल्याबरोबर तवनाप्पा होता तिथेच ताठ उभा राहिला. त्याने डोळे मिटले, सगळं अंग आवळलं आणि मन दुसरीकडे नेलं. म्हणजे जिलेबीकडे.

"अहो, सोडा ना," मामा म्हणाले.

"थांबा जरा," तवनाप्पा म्हणाला. "जोर ओसरू द्या."

मामांनी जीव खाऊन हिसका दिला. अंतरपाटासकट तवनाप्पा मधोमध आला, बरोबर नवरदेवाच्या पुढ्यात. सुनंदाची मान खाली होती. वाजंत्री ऐकून तिने हात उचलले आणि हार घातला तो तवनाप्पाच्या गळ्यात.

मांडव हसून हसून लोळायला लागला. पद्माच्या पोटातून हसू उसळलं. तिने वेळेवर आवळलं आणि मग हसत सुटली, डोळ्यांना पाणी येईस्तोवर. थोडी थांबली, चाचपून बघितलं. लुगडं कोरडं होतं. तिने शेजारणीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुन्हा पहिल्यापासून हसायला लागली.

उपाध्यांनी तवनाप्पाच्या गळ्यातला हार काढून सुनंदाला तो नवरदेवाच्या गळ्यात घालायला लावला. मग डोळे पुसत म्हणाले, "आता नवऱ्याने आपल्या बायकोच्या गळ्यात हार घालावा."

"बरं," तवनाप्पा म्हणाला. नवरदेवाच्या हातातला हार त्याने अदबीने घेतला, बायकांच्या गर्दीतून वाट काढत दारापर्यंत गेला आणि पद्माच्या गळ्यात घातला.