कळसावरची सावळी

फार पूर्वी डोंगरावरच्या दगडी देवळात वानरांचा कळप राहायचा. वानरींनी कळसावर चढलं तर देव कोपतो, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या मानत.

एका दुपारी नर रानात गेले असताना चहूकडे वणवा पेटला. मागे वानरी, पिल्लं आणि नजर अधू झालेला म्हातारा म्होरक्या धोंडबा होते. धुरातून वाट शोधायला सावळी नावाची वानरी सरसर कळसाकडे निघाली.

“उतर खाली, देव कोपेल,” धोंडबा ओरडला.

“आजोबा, पिल्लं जळाली तर कोपणार नाही का?” म्हणत ती वर पोचलीसुद्धा. “ओढ्याकडे पळा, तिकडे आग नाही!”

सगळे वाचले.

वणवा विझल्यावर वानरींची कळसाखाली झुंबड उडाली. धोंडबानं धाकट्या नातीला खांद्यावर उचललं आणि म्हणाला, “वर वारा फार असतो. घट्ट धर.”