निळ्या धाग्याचे घरटे

एका जंगलाच्या कडेला, ओढ्यावर वाकलेल्या बाभळीवर, सुगरण पक्ष्यांची एक वस्ती राहत असे. मुलांनो, नावावरून तुम्हाला वाटेल की घरटे विणते ती मादी. तसे मुळीच नाही. विणतो तो नर. ओल्या गवताचे पाते चिरून त्याचा लांब धागा काढायचा, फांदीला गाठ मारायची आणि उन्हापावसात विणत बसायचे, हे सगळे त्याचे काम. मादी येते ती घर पाहायला. आणि पाहते म्हणजे कशी! आत शिरते, बाहेर येते, खाली लोंबकळते, मग चोचीत एखादा धागा धरून कचकन ओढते. धागा तुटला, की ती मान उडवून शेजारच्या नराचे घर बघायला निघून जाते. बिचाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात.

त्या वस्तीत एक तरुण नर होता. चोचीचा चलाख, पण स्वभावाने उतावळा. त्याचे घरटे पाहायला आलेल्या मादीने धागा ओढला आणि तो तुटला. दुसरी आली, तिनेही ओढला, तोही तुटला. सगळी वस्ती खो खो हसली. तो बाभळीच्या शेंड्यावर तोंड पाडून बसला होता, तेवढ्यात पलीकडच्या उंबरावरचा कावळा त्याच्याशेजारी येऊन टेकला. या कावळ्याला फुकटात मिळालेल्या वस्तूंचा भारी अभिमान.

"गवत कसलं चिरत बसतोस राजा?" कावळा म्हणाला. "माझं घरटं बघ. तार आहे तार! ओढ्याच्या पलीकडे माणसं सहलीला येतात. खातात, पितात, नाचतात आणि निम्मा पसारा तिथेच टाकून जातात. एक निळी ताडपत्री पडली आहे फाटकी. तिचा धागा ओढून बघ. जन्मात तुटायचा नाही."

तरुण नर ओढ्यापलीकडे गेला आणि बघतच राहिला. हिरवळ कुठे दिसतच नव्हती. वेफर्सची पाकिटे, चहाचे कप, चेपलेल्या बाटल्या, उष्ट्या पत्रावळी, आणि एका झुडपात अडकलेली ती निळी ताडपत्री. मला विचाराल, तर तिथेच त्याला धक्का बसायला हवा होता. ओढ्याकाठी एवढी घाण, आणि हा तिच्यात घर शोधतोय! पण त्याला काही वाटले नाही. त्याने एक धागा चोचीत धरला आणि पाय रोवून ओढला. धागा ताडपत्रीतून सुटून आला, पण तुटला नाही. मग काय, तो दिवसभर निळे धागे वाहत राहिला.

घरटे झाले ते असे झाले, की जंगलात तसे कुणी पाहिले नव्हते. उन्हात चमकायचे. वाऱ्यात जरासुद्धा विस्कटायचे नाही. एक मादी आली, तिने धागा ओढला. तुटला नाही. तिने फांदीला पाय रोवून, डोळे मिटून, जिवाच्या आकांताने ओढला. तरी तुटला नाही. "अहो, असं घर मी कधी पाहिलं नाही," ती म्हणाली आणि तिथेच राहिली.

झाले! जे कालपर्यंत हसत होते ते सगळे ओढ्यापलीकडे पळाले. थोड्याच दिवसांत ताडपत्रीची नुसती जाळी उरली आणि बाभळीवर जिकडेतिकडे निळी घरटी डुलू लागली. वस्तीतला सगळ्यात म्हातारा नर आयुष्यभर गवतच विणत आला होता. त्यानेही दारापाशी शोभेला चार निळे धागे लावून घेतले. ओढ्याकाठचा कचरा तेवढाच कमी झाला असे कुणी म्हणेल, पण तो कमी झाला नव्हता. तो घरात आला होता.

पुढे अंडी झाली, अंड्यांतून पिले आली. तरुण नराच्या घरात तीन पिले होती. आईबाप दिवसभर किडे आणून त्यांच्या चोचीत घालत. पिले वाढत गेली आणि एका सकाळी त्यांची पहिली झेप घ्यायची वेळ आली. सगळी वस्ती फांद्यांवर बसून बघत होती. सुगरणीच्या घराचे दार खाली लोंबणाऱ्या नळीसारखे असते. थोरली पोर त्यातून बाहेर पडली आणि धडपडत समोरच्या फांदीवर जाऊन बसली. धाकटीही बसली. मधला पोरगा सगळ्यात दांडगा. त्याने डोके बाहेर काढले, पंख उघडले, जोरात झेप घेतली आणि खाडकन परत आत ओढला गेला.

कुणाला काही कळेना. पोराने पुन्हा झेप घेतली. पुन्हा तेच.

"आई!" तो आतून ओरडला. "आई, मला मागून कुणीतरी धरलंय!"

घरात पोराला मागून धरणारा दुसरा कोण असणार? आई किंचाळली, "साप! साप शिरलाय घरात!" आणि सगळी बाभूळ एका क्षणात उठली. पक्षी गोल गोल उडू लागले, कल्ला करू लागले, कुणी आपल्या पिलांवर पंख पसरून बसले. आत शिरायची हिंमत मात्र कुणाची होईना. नळीतून सापाच्या तोंडाशी जायचे म्हणजे मरायलाच जायचे.

पण बाप तो बापच. "आज एक तर तो राहील, नाहीतर मी," असे म्हणून तरुण नर चोच पुढे करून आत घुसला. सापाचे डोळे फोडायचे, एवढे एकच त्याच्या मनात होते. आत अंधार होता. त्याने इकडे चोच मारली, तिकडे मारली. साप कुठेच नव्हता. होता तो फक्त त्याचा पोरगा, पंख फडफडवत, घाबराघुबरा झालेला. आणि त्या पोराच्या पायाला वेढे घालून बसलेला एक निळा धागा.

तो धागा त्यानेच विणला होता. पोर घरट्यात हलायचे, वळायचे, तसा धागा त्याच्या पायाभोवती फिरत गेला. पाय वाढत गेला, धागा वाढला नाही. तो कातडीत रुतला, मांसात रुतला. खालचा पंजा काळा पडून वाळलेल्या काडीसारखा झाला होता. गवत असते तर पोराच्या पहिल्या हिसक्याला तुटले असते. मुलांनो, हे सांगताना माझ्याही अंगावर काटा येतो आहे, मग त्या बापाचे काय झाले असेल?

बाहेरून आई ओरडत होती, "अहो, बोला तरी! साप मेला का?"

"साप नाही गं," तो आतून म्हणाला. "साप असता तर बरं झालं असतं. त्याच्याशी लढता तरी आलं असतं."

त्याने धागा चोचीत धरून ओढला. धागा आणखीच आवळला आणि पोर कळवळले. कावळा धावून आला, त्याने नळीतून आपली जाड चोच घालून बघितली. धागा नुसता निसटत होता. "तुटत का नाही हा?" कावळा चिडून म्हणाला, आणि मग त्याला आपलेच बोलणे आठवले. तो तिथून जो उडाला तो थेट स्वतःच्या घरट्यातली तार बघायला गेला.

बाभळीच्या बुंध्यात एक खार राहत असे. सुगरणींचे आणि तिचे हाडवैर. ती फांदीवर दिसली की सगळी वस्ती तिच्यावर तुटून पडायची, कारण अंड्यांवर तिचा डोळा असायचा. आई आज तिच्या ढोलीसमोर जाऊन उभी राहिली.

"खारूताई, तू कोण आहेस आणि मी कोण आहे, ते दोघींनाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण तुझ्यासारखे दात माझ्याकडे नाहीत. माझं पोर वाचव."

खारीने तिच्याकडे रोखून बघितले. "मी येते. पण तुमच्या त्या मंडळींना चोची आवरायला सांग. आणि फांदी मोडली तर मी ओढ्यात पडेन, हेही ध्यानात ठेव."

फांदी खूपच बारीक होती. खार एकेक पाऊल टाकत पुढे सरकली तशी ती पाण्याकडे वाकत गेली. ज्या खारीला वस्तीत कधी पाय ठेवू दिला नव्हता, तिच्याकडे आज सगळे श्वास रोखून बघत होते. ती घरट्याला बिलगली, वरून भोक पाडून तिने आत तोंड घातले आणि बराच वेळ फक्त तिच्या दातांचा कुरकुर आवाज येत राहिला. मग ते पोर नळीतून खाली घसरले आणि कसेबसे उडत आईपाशी जाऊन आदळले. त्याला उभे राहता येईना. ते एका कुशीवर कलंडले.

"पोर सुटलं, बाई," खार म्हणाली. "पाय नाही सुटला. तो कधीच गेला होता."

मग एकदम सगळ्यांना एकच गोष्ट सुचली आणि जो तो आपापल्या घरट्याकडे धावला. शेजारच्या घरट्यातून एक आई बाहेर आली आणि फांदीवर बसून राहिली. तिच्या पिलाच्या मानेभोवती धागा होता, आणि ते सकाळपासून का ओरडत नव्हते ते तिला आता कळले होते. अशी वेळ कुणावर येऊ नये. बाभळीवर त्या दिवशी जे रडणे झाले, ते ओढ्यापलीकडच्या उंबरापर्यंत ऐकू गेले.

खार संध्याकाळपर्यंत या घरट्यातून त्या घरट्यात जाऊन दात चालवत राहिली. तिच्या हिरड्यांतून रक्त आले. बुंध्यापाशी निळ्या धाग्यांचा ढीग झाला. तरुण नराला त्या धाग्यांकडे बघवेना. त्याने चोचीत गुंता उचलला आणि टाकून द्यायला ओढ्याच्या पाण्यावर गेला.

"थांबा!" त्याची मादी ओरडली. "खाली पाणकोंबडीची पिलं पोहतात!"

तो हवेतच थबकला. आपल्या पोराचा पाय गेला तरी आपली चोच तेच करायला निघाली होती, हे बघून त्याला स्वतःचीच भीती वाटली. तो गुंता चोचीत तसाच धरून माघारी आला.

जंगलाच्या फाटकापाशी वनरक्षकाची चौकी होती आणि तिथे कचऱ्याचे पत्र्याचे पिंप होते. पक्ष्यांनी सगळे धागे तिथे नेऊन टाकले. मग ओढ्याकाठची पाकिटे उचलली, कपांचे तुकडे उचलले. त्या दिवसापासून वस्तीत रीतच पडली, की सकाळी आधी एक फेरी पिंपापर्यंत मारायची आणि मगच गवत आणायला जायचे. सहलीला आलेल्या माणसांनी पक्षी कचरा उचलताना पाहिले आणि तोंडात बोटे घातली. बरेच जण फोटो काढून, हातातले पाकीट तिथेच टाकून निघून गेले. काय म्हणावे याला! दोघाचौघांना मात्र लाज वाटली आणि ते आपला कचरा पिशवीत भरून घेऊन गेले.

पुढच्या हंगामात तो एका पायाचा पोरगा विणायला बसला. सुगरण पक्षी पाते पायाखाली दाबून धरतो आणि चोचीने गाठ ओढतो. याच्याकडे एकच पाय, आणि तो फांदी धरण्यातच अडकलेला. पाते निसटायचे. त्याने नवे आणले, तेही निसटले. बाकीच्यांची घरटी अर्धी होत आली, तरी याची पहिली गाठ बसेना. बाप शेजारच्या फांदीवरून बघत होता.

"बाबा," पोरगा म्हणाला, "आई सांगते, त्या दिवशी घरात साप नव्हताच. मग मला धरलं होतं कुणी?"

बापाला सांगता आले असते, की कावळ्याने. सांगता आले असते, की सहलीच्या माणसांनी. त्यात खोटेही काही नव्हते.

"मी," तो म्हणाला.

मग तो पोराच्या फांदीवर उतरला, गवताचे पाते आपल्या पायाखाली घट्ट दाबून धरले आणि म्हणाला, "ओढ आता गाठ."

तात्पर्य : जे मातीत मुरत नाही ते फुकट मिळाले म्हणून घरात आणू नये, आणि नको झाले म्हणून वाटेल तिथे टाकूही नये. त्याची किंमत आपल्या नाही, तर लेकरांच्या वाट्याला येते.