झारीचं पानी आन् अबोलीचा वाफा

एकदा एक म्हातारा माळी व्हता. दात तीन, खोड्या तीनशे. त्याच्या हाताखाली सगुणा नावाची बाई बागकाम शिकायची. दोघं एका शेठच्या बागेत राबायची. तिथं आंब्याच्या सावलीत शेठचा गुलाब काय केल्या फुलंना, म्हनून सगुणानं अबोली लावलेली. माहेरातनं ओल्या फडक्यात आनलेली. आई गेल्यावर तेवढंच माहेर उरलं व्हतं. झाडं गुडघ्याएवढी, पन बारा म्हयने केशरी; फुलं गळली की मागं बियांची कणसं ऱ्हायची.

एका दुपारी शेठ आले आन् वाफ्यापाशी थबकले. "ही काय वाळकी कणसं? वास न्हाई, उंची न्हाई. उद्या पाव्हणे यायचेत. हितं विलायती झाडं बसवू. उपटा समदं, माझ्यासमोर!"

सगुणा कुदळ घेऊन वाफ्याला आडवी आली. "शेठ, कडंला तरी ऱ्हाऊ द्या."

"एक बी रोप नको!"

तिनं म्हाताऱ्याकडं बघितलं. तर ह्यो म्हनतो कसा, "बरोबर हाय शेठचं. उपटूच. आधी पानी मारतो, माती मऊ व्हईल. शेठ, जवळ येऊन बघा."

"बाबा, तुमी बी?" सगुणा त्याच्याकडं वळली.

म्हाताऱ्यानं झारी धरली ती वाळक्या कणसांवरच. घटकाभर काय न्हाई. मग तट्! तट्-तट्-तडातड! आख्खा वाफा फुटान्यावानी उडाया लागला. शेठच्या गालावर चटके, धोतराच्या निऱ्यांत खडे.

"साप! बंदूक! आई गं!" शेठ आंब्याखालच्या कट्ट्यावर चढले.

सगुणाची कुदळ गळली. दरसाल ती कणसं हिरवी असतानाच खुडायची. यंदा म्हाताऱ्यानंच "ऱ्हाऊ दे" म्हनलेलं.

"हं, आता उपट पोरी."

"काय उपटू? बी बागभर गेलं की!"

म्हातारा शेठकडं वळला. "बी हाय ते, खात न्हाई. वाळलं म्हंजी मेलं न्हवं. अंगावर पानी पडंस्तवर कणीस पोटात लेकरं धरून बसतं. पानी लागलं की उमगतं, आता जगतील. मगच सोडतं. विलायती झाडाला तुमी जागा देता. ही अबोली हितलीच, आपली जागा आपन धरती. बुटकी, म्हनून तुमच्या नजरंत आली न्हाई, एवढंच."

"मग... मी काय करू?" शेठ कट्ट्यावरनंच म्हनले.

"ऱ्हाऊ द्या. आन् उतरताना खाली बघा."

शेठ उतरले. आपल्याच बागेत पहिल्यांदा खाली बघत, बी चुकवत चार पावलं गेले आन् थांबले.

"सगुणाबाई, उद्या पाव्हण्यांना बाग तूच दाव. पाय कुठं ठेवायचा, ते तुला ठावं."

सगुणानं पडलेली कुदळ उचलून कडंला ठेवली. आन् वाटंवरचं बी येचून पदरात भराया लागली.