तोंड फिरवून बसणारी मुलगी

पूर्वी अंबावती नगरीत वसुसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. तक्षशिलेची विद्या संपवून तो परतला, तेव्हा वडिलांनी दरबारात त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. सोमिलाच्या मनात मात्र वेगळेच होते. कोष्ट्यांच्या वस्तीत पिंगल नावाचे वृद्ध आचार्य लहान मुलांची पाठशाळा चालवीत. तो त्यांच्याकडे गेला आणि आपल्याला शिकवू द्यावे, अशी त्याने विनंती केली.

"का शिकवायचंय तुला?" आचार्यांनी विचारले.

"मुलांचं भलं व्हावं म्हणून. शिवाय मुलं मला आवडतात."

"गुणी मुलं सगळ्यांनाच आवडतात," आचार्य म्हणाले. "ये उद्यापासून."

सोमिल मन लावून शिकवू लागला. मुलांनाही त्याचा लळा लागला. एक अनुला तेवढी त्याला दाद देत नव्हती. ही एका विधवा कोष्टिणीची मुलगी. सोमिल बोलू लागला की ती तोंड फिरवून बसे. हाक मारली तर कधी ओ देई, कधी देत नसे. मुले हसत. एकदा तिने हसणाऱ्या मुलाच्या तोंडावर अक्षरे गिरवायच्या धूळपाटीतली मूठभर धूळ फेकली. सोमिलाने गोडीने सांगून पाहिले, रागावून पाहिले. शेवटी त्याचे मन तिच्यावरून उडाले.

"ही मुलगी उद्धट आहे," तो आचार्यांना म्हणाला. "तिच्यापायी बाकीच्यांचं नुकसान होतं. तिला घरी पाठवावं."

आचार्य म्हणाले, "तिला शिकवतोस तू. उद्या तिच्या आईला बोलाव आणि तूच सांग."

त्याच संध्याकाळी वडिलांचा निरोप आला. राजाने सोमिलाला उपमंत्री नेमले होते. सकाळी रथ येणार होता. सुटलो, असे सोमिलाला वाटले, आणि तसे वाटल्याची लाजही वाटली.

सकाळी पाठशाळेच्या अंगणात मुले आंधळी कोशिंबीर खेळत होती. राज्य अनुलावर होते. उजवीकडून टाळी वाजली, ती डावीकडे वळली. पुन्हा उजवीकडून कुणी तिला हाक मारली, ती पुन्हा डावीकडेच धावली आणि खांबावर आदळली. मुले हसली. सोमिल पायरीवरच थांबला. तिला उजव्या कानाने ऐकू येत नव्हते. वर्गात ती तोंड फिरवीत होती ती आपला चांगला कान त्याच्याकडे करण्यासाठी.

त्याने तिच्या डाव्या बाजूला बसून हलक्या हाताने तिच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली. "लागलं का, अनुला?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "आज तुमचं सगळं ऐकू आलं, गुरुजी."

इतक्यात तिची आई आली. हात अजून रंगाने भरलेले होते. "काय चुकलं पोरीचं?" तिने भीत भीत विचारले.

"माझं चुकलं," सोमिल म्हणाला. "तिला एका कानानं ऐकू येत नाही. उद्यापासून ती उजवा कान भिंतीकडे करून माझ्याजवळ बसेल."

रथ घेऊन अमात्य स्वतःच आले होते. सगळा प्रकार ऐकून ते म्हणाले, "अक्षरं कुणीही शिकवील. दरबारात तू हजारोंचं भलं करशील."

"तात, हजारोंकडे मी असंच लांबून पाहीन. आज सकाळपर्यंत मी एका मुलीकडे नीट पाहिलं नव्हतं. आधी तेवढं शिकू द्या."

अमात्य एकटेच रथात बसले. मग रथ परत गेला. सोमिल जन्मभर त्या वस्तीत शिकवीत राहिला. अनुला वाचायला शिकली. धूळ मात्र ती अधूनमधून फेकीतच असे.

ही कथा भगवानांनी जेतवनात एका तरुण भिक्षूला सांगितली. विहारातल्या लहान श्रामणेरांना, म्हणजे शिकाऊ भिक्षूंना, शिकवावे, अशी त्याला फार ओढ होती. ती कशामुळे, हे मात्र कुणी विचारले की त्याला सांगता येत नसे. कथा संपवून भगवान म्हणाले, "तेव्हाचे आचार्य म्हणजे तुला दीक्षा दिलेले वृद्ध स्थविर. सोमिल मी होतो. आणि अनुला, भिक्षू, तू होतास. तुझी ओढ तिथली आहे."

मैत्री पारमिता, म्हणजे सर्वांविषयीची निरपेक्ष माया, बोधिसत्त्वाने कशी पाळली, ते या कथेत सांगितले आहे.