पहिलं पान

एका गावात एक सून होती. तिचं नाव आवडा. तिनं ऐन विशीत ग्रामदेवीपुढं एक वसा घेतला, आणि ब्याण्णव वर्षांच्या आयुष्यात तो एकदाही मोडला नाही. त्या वशाची ही गोष्ट.

आवडाच्या सासरी पानमळा होता. घर मोठं, माणसं फार. एका सणाला तिच्या थोरल्या जावेनं चाळीस पानांचा स्वयंपाक केला. पुरुष जेवले, पाहुणे जेवले, पोरं जेवली. जावेची पाळी आली तेव्हा पुरणाच्या पातेल्यात खरवड होती. तिनं ती खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायली आणि चुलीपाशीच कोसळली. तिच्या पदरी दोन महिन्यांचं बाळ होतं. चार दिवसांत तिच्या अंगावरचं दूध आटलं.

दूध आटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आवडा देवीची ओटी भरायला गेली. म्हणाली, "आई, पहिला नैवेद्य तुझा. त्यानंतर जिनं चूल पेटवली, तिचं पान. ती जेवल्याशिवाय माझ्या घरात पंगत बसणार नाही."

सासरा खवळला. "बाई आधी जेवली तर घरातली लक्ष्मी जाते."

"मामंजी, लक्ष्मीही बाईच आहे," आवडा शांतपणे म्हणाली. "उपाशी राहून ती तरी किती दिवस टिकेल? वसा मोडायचा तर मोडते. पाप कुणाच्या माथी, ते तेवढं तुम्ही देवीला सांगून या."

म्हातारा देवळात गेला नाही. भूक लागली होती. तो पाटावर बसून राहिला आणि सुनेचं जेवण होईपर्यंत खांबाकडे बघत राहिला.

गावानं टोमणे मारले. पाणवठ्यावर एक जण म्हणाली, "आवडे, तुझ्या घरातले बाप्ये म्हणे उष्टं खातात."

"उष्टं नाही गं, चाखलेलं," आवडा हसून म्हणाली. "मीठ बरोबर पडलंय, एवढी खात्री असते त्यांना. तुझ्या घरी आहे का?"

वर्षं गेली. आवडाची आवडाई झाली. तिला मुलगे झाले, सुना आल्या, नातसुना आल्या. तिचे दात गेले, नजर गेली. नातवंडं मायेनं तिचं पान आधी आणायची. ती विचारायची, "आज चुलीपाशी कोण आहे? तिचं झालं का?" झालं नसेल तर भिंतीकडे तोंड करून बसायची. शेवटच्या आजारात थोरल्या सुनेनं, गयाबाईनं, पेजेचा चमचा तोंडाशी नेला. तेव्हाही तिनं ओठ मिटून घेतले. नुसता हात सुनेच्या पोटाला लावला. गया म्हणाली, "जेवले, आत्याबाई." मग म्हातारीनं तोंड उघडलं.

आवडाई गेली. वर्ष झालं. वर्षश्राद्धाचा सगळा स्वयंपाक धाकटी नातसून सुंद्रा करत होती. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी. सुंद्राला सहावा महिना होता. पहाटेपासून ती चुलीपुढं होती.

थोरला मुलगा धोंडिबा म्हणाला, "आज पितरांचं पान आहे. कावळा शिवेपर्यंत घरात कुणी घास घ्यायचा नाही. आईचा वसा उद्यापासून पुन्हा चालू करू."

पान कौलांवर ठेवलं. कावळे समोरच्या शेवग्यावर बसले होते. एकही खाली येईना.

धोंडिबानं हात जोडले. "आई, तुझ्या नावानं देवळापुढं पार बांधतो." कावळ्यांनी पंख साफ केले. "आई, मळ्याला तुझं नाव देतो." कावळे जागचे हलले नाहीत. ऊन कलायला लागलं. सुंद्रानं भिंतीचा आधार घेतला. तिचे ओठ पांढरे पडले होते.

गयाबाई उठली. पन्नास वर्षांत नवऱ्यापुढं तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तिनं अंगणात पाट मांडला, पान वाढलं आणि सुंद्राला हाताला धरून बसवलं.

"अगं, काय करतेस?" धोंडिबा म्हणाला. "आई रुसेल."

"आत्याबाई जन्मात एकाच गोष्टीवर रुसायच्या. ती तुम्ही सकाळपासून करताय."

सुंद्राचा हात पानावर अडला. तिनं हळूच विचारलं, "खाऊ का, सासूबाई?"

"मी नवी नवरी असताना हेच विचारलं होतं. तेव्हा त्यांनी माझ्या तोंडात घास कोंबला होता," गया म्हणाली, आणि तिनं वडा मोडला.

सुंद्रा जेवायला लागली. धोंडिबा उभा होता. मग त्यानं खिरीचं पातेलं उचललं, सत्तरीच्या गुडघ्यांवर कसाबसा वाकला आणि म्हणाला, "आणखी वाढू का, पोरी?"

कौलांवरचं पान नंतर रिकामं सापडलं. कावळा कधी शिवला, ते कुणी पाहिलं नाही. सगळे सुंद्राकडे बघत होते.

तात्पर्य: गेलेल्या माणसाच्या नावानं पार बांधण्यापेक्षा त्याचा वसा चालवावा. तेव्हा बायांनो, आणि दादांनो तुम्हीसुद्धा, आज पाटावर बसण्याआधी आवडाईसारखं एवढं विचारा: चुलीपाशी कोण आहे, आणि तिचं झालं का?